दुपंखीची नोंदणी

चष्मेवाल्याला विचारायची खोड होती. रिकाम्या बाकावर बसायचं तरी शेजारच्याला विचारणार, "इथं कुणी यायचंय का?" आणि तो नाही म्हणाला तरी जरा वेळ उभाच राहणार, न जाणो. बायको म्हणायची, हे स्वतःच्या घराचं दारसुद्धा वाजवून आत येतात. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडद्याआड एक अरुंद खोली, त्या खोलीत उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाला त्या खुर्चीत बसवून तो भिंगामागून भिंग बदलायचा आणि विचारायचा, "आता बरं, की मघाचं बरं?" दिवसभर हेच करणारा माणूस संध्याकाळी वेगळा कसा वागेल?

असा माणूस विमानांच्या नादी लागला तो भाऊजींमुळे. भाऊजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "लोकांना वर पाठवणं हा माझा धंदा, फक्त मी परत आणतो," हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की ते "लोकांना" म्हणाले की ताई उठून स्वयंपाकघरात जायची. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी जेवायचं टेबल ताब्यात घेतलं आणि त्यावर लहान विमानं बांधायला लागले. बाल्सा नावाचं लाकूड असतं, पावासारखं हलकं, नखानं खरवडता येतं असं. त्याच्या पातळ फासळ्या कापायच्या, जोडायच्या, त्यावर रंगीत फिल्म गरम इस्त्रीनं चिकटवायची, पोटात मोटर आणि बॅटरी बसवायची आणि मैदानात उभं राहून हातातल्या रिमोटच्या दोन दांड्यांवर ते उडवायचं. ताईची इस्त्री या कामी कायमची गेली. भाऊजींचे शर्ट त्यानंतर नेहमी चुरगळलेलेच असायचे आणि विमानांवर मात्र एक सुरकुती दिसायची नाही.

गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीचं मैदान होतं. तिथं रविवारी सकाळी ही मंडळी जमायची. चष्मेवाला, भाऊजी, बेकरीवाला आणि आणखी दोघंतिघं. त्यांनी आपल्याला क्लब म्हणवून घेतलं होतं आणि क्लब म्हटल्यावर चिटणीस हवा म्हणून चष्मेवाल्याला चिटणीस केलं होतं, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं आणि तो नाही म्हणणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्लबचे कायदे तसे काहीच नव्हते. एक रिवाज तेवढा कडक होता. नवीन विमानाचं पहिलं उड्डाण, ज्यानं ते बांधलं त्यानंच करायचं. तो कितीही कच्चा असो, जमिनीवर आपटो, झाडात अडको. दुसऱ्यानं त्या दांड्यांना बोट लावायचं नाही. बेकरीवाल्याचं पहिलं विमान वर गेलं तसंच खाली आलं होतं, आणि सगळ्यांनी टोप्या काढून त्याचं अभिनंदन केलं होतं.

भाऊजींनी कधीपासून एक दुपंखी बांधायला घेतली होती. एकावर एक असे दोन पंख असलेलं, जुन्या काळी टपाल घेऊन जायची तसल्या धाटणीचं विमान. इतर विमानं बगलेत मारून नेता यायची. हिचे पंख पलंगाएवढे रुंद होते. कितीतरी वर्षं ती बाहेरच्या खोलीत छताला दोऱ्यांनी टांगलेली होती आणि पाहुणे तिच्याखाली मान वाकवून चहा प्यायचे. भाऊजींची बाकी विमानं म्हणजे हात बसवण्यासाठी केलेली. खरं काय ते हीच, असं ते म्हणायचे. बोलायचे थोडं, पण दुपंखीचा विषय निघाला की त्यांचे अंगठे आपोआप हलायला लागायचे, जणू रिमोट हातातच आहे. "तिला मी अशी बांधलीय," ते म्हणायचे, "की ती हाताला कशी लागेल ते मला आत्ताच कळतंय. फक्त एकदा लागू दे."

दुपंखीचा शेवटचा पंख इस्त्रीखाली होता तेव्हा भाऊजी एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, "चिटणीस, तू दिलेला नंबर चुकलाय. दाराची चौकट वाकडी दिसते." चष्मेवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवलं. भिंगामागून भिंग घातलं. "आता बरं, की मघाचं बरं?" दोन्ही सारखंच वाईट होतं. मग त्यानं खणातून चौकटींचा एक छोटा कागद काढला, मध्ये ठिपका असलेला, आणि एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगितलं.

"ठिपका कुठाय?" भाऊजी म्हणाले.

चष्मेवाल्यानं कागद खणात परत ठेवला. त्याला समजलं होतं आणि समजल्याचं तोंडावर दिसू नये म्हणून त्यानं उगाच एक काच पुसायला घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, जरा जास्त शब्दांत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील. जिथं रोखून बघाल नेमकं तेच पुसलं जाईल. एक डोळा जवळजवळ गेला, दुसऱ्याला सुरुवात आहे. इंजेक्शनांनी थोडं लांबवता येईल, पण किती ते सांगता येणार नाही. चष्म्यानं काही होणार नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टर चष्मेवाल्याकडे बघून म्हणाले आणि त्याला आपलं दुकान, ती कपाटं, ते शेकडो चष्मे, सगळं एकदम बिनकामाचं वाटलं.

भाऊजींनी घरी येऊन एवढंच विचारलं, "दुपंखी उडवण्यापुरतं राहील ना?"

"राहील की," चष्मेवाला म्हणाला.

नेमक्या त्याच सुमारास नवा नियम आला. ठराविक वजनाच्या वरच्या सगळ्या उडत्या खेळण्यांची विमान खात्यात नोंदणी करायची. मालकाची वेगळी, चालकाची वेगळी, फी दोघांना. विमानाच्या अंगावर नंबर चिकटवायचा. चालकानं प्रश्नोत्तरांची परीक्षा द्यायची. बातमी छोटीशीच होती, बेकरीवाल्यानं ती पावाच्या कागदावर वाचली आणि त्याच कागदात पाव गुंडाळून गिऱ्हाइकाला दिला. मैदानावर म्हणाला, "त्या वीटभट्टीवर कुत्रं फिरकत नाही, खात्याचा साहेब कुठला यायला? उडवा गुपचूप."

सगळ्यांना पटलं. भाऊजींना तर पटायचीही गरज नव्हती, त्यांचं लक्ष फक्त वाऱ्याकडे होतं. आणखी दोन रविवार, मग दुपंखी तयार.

चष्मेवाल्याला मात्र झोप लागेना. एवढं मोठं विमान. समजा, पडलं. समजा, कुणी बघितलं. दंड भाऊजींना होणार, आणि वर दुपंखी जप्त. वर्षानुवर्षांची मेहनत सरकारी गोदामात धूळ खात पडणार. त्यापेक्षा सरळ विचारून घेतलेलं काय वाईट? त्यानं चिटणीस या नात्यानं एक सुरेख पत्र लिहिलं. आमचा छोटा क्लब आहे, अमुक ठिकाणी जमतो, अशी अशी विमानं आहेत. नवा नियम आम्हाला लागू आहे काय, कृपया कळवावे. पत्र पेटीत टाकल्यावर त्याला हलकं वाटलं. बायकोला म्हणालासुद्धा, "आता काही काळजी नाही." बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तिला नवरा माहीत होता.

नसती उठाठेव म्हणतात ती हीच. खात्याला त्या मैदानाचा पत्ताही ठाऊक नव्हता, तो चष्मेवाल्यानं चांगल्या अक्षरात कळवला.

दुपंखीच्या उड्डाणाचा रविवार उजाडला. ताई कधी मैदानावर यायची नाही, त्या दिवशी आली. भाऊजींनी दुपंखी गवतावर ठेवली, वरच्या पंखाखाली दोन बोटं घालून तोल बघितला. ती बोटांवर समांतर राहिली, नाक खाली नाही की शेपूट खाली नाही. भाऊजींनी मान हलवली आणि रिमोट गळ्यात अडकवला. तेवढ्यात वीटभट्टीच्या वाटेनं मोटरसायकल आली. हवालदार होता. तो उतरला, हेल्मेट काढलं आणि आधी दुपंखीभोवती एक फेरी मारून आला.

"छान आहे हो," तो म्हणाला. मग खिशातून पत्र काढलं. "मला यातलं काही कळत नाही. खात्याचं पत्र आलंय ठाण्यावर. नोंदणी होईपर्यंत इथं काही उडवायचं नाही. चिटणीस कोण?"

सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे बघितलं.

"तुमच्याच पत्राला उत्तर आहे," हवालदार म्हणाला. त्याला ते बोलताना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "तुम्ही विचारलं होतं ना?"

बेकरीवाल्यानं हातातलं विमान खाली ठेवलं आणि पुढे कितीतरी दिवस तो चष्मेवाल्याशी बोलला नाही. ताईनं भावाकडे बघितलं नाही. भाऊजींनीच रिमोट गळ्यातून काढला, पंखावरची धूळ बाहीनं पुसली आणि म्हणाले, "बरं झालं विचारलंस. आज वाराही जरा जास्तच आहे." वारा अजिबात नव्हता. चष्मेवाल्याला त्या वाक्यानं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सुरू झाले कागदी घोडे. ते काम चष्मेवाल्यानं अंगावर घेतलं, दुसरं करण्यासारखं त्याच्या हातात काही नव्हतं. अर्ज संगणकावर भरायचा होता. 'वापराचा हेतू' या रकान्यात फवारणी होती, छायाचित्रण होतं, पाहणी होती, मालवाहतूक होती. 'हौस' नव्हती. हेतू दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना, आणि पुढच्या पानाशिवाय फी भरता येईना. शेवटी तो दुकान बंद ठेवून खात्याच्या कचेरीत गेला. खिडकीमागच्या बाई सर्दीनं बेजार होत्या, पण माणूस चांगला होता.

"हेतू काय?" बाईंनी विचारलं.

"हौस."

"तसा पर्याय प्रणालीत नाही. पाहणी टाकू?"

"पण आम्ही पाहणी करत नाही."

"विमानाकडे बघता की नाही?"

"बघतो."

"मग पाहणीच झाली." त्यांनी पाहणी टाकलं. "निर्माता?"

"माझे भाऊजी."

"कंपनीचं नाव विचारतेय."

"कंपनी नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बनवलंय."

बाईंनी नाक पुसलं आणि 'बाहेरची खोली' असं टाकलं. तेही प्रणालीनं घेतलं. "याआधी विनानोंदणी उडवत होतात का?"

इथं कुणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. बाईसुद्धा तेच ऐकायला टपल्या होत्या, त्यांचं बोट त्या बटणावर तयार होतं. चष्मेवाला म्हणाला, "हो. बरीच वर्षं." बाईंनी बोट उचललं, त्याच्याकडे खूप वेळ बघितलं आणि नाइलाजानं दुसरं बटण दाबलं. म्हणून फीवर विलंब शुल्क बसलं, सगळ्या क्लबला. ते चष्मेवाल्यानं गुपचूप पदरचं भरलं.

राहिलं वजन. हलक्या गटात असेल तर नुसती फी आणि परीक्षा. जड गटात असेल तर मैदानाची तपासणी आणि चालकाच्या दृष्टीचा दाखला. बेकरीत पिठाच्या काट्यावर दुपंखी ठेवली. बेकरीवाला त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "बॅटरी काढून तोल. हलक्यात बसते." काढून बघितली, खरंच बसत होती. पण नियमात लिहिलं होतं, उड्डाणाच्या वेळचं वजन. चष्मेवाल्यानं भाऊजींकडे बघितलं. "काय लिहू?"

"बॅटरीशिवाय ती काय उडणार आहे का?" भाऊजी म्हणाले. "आहे ते लिही. चिटणिसाच्या हातून उगाच खोटं कशाला?" त्यांना दाखल्याचं कलम कुणी वाचून दाखवलं नव्हतं. चष्मेवाल्यानं ते वाचलं होतं. तेव्हाच तो बोलला असता तर? पण बोलून तरी काय, खोटं वजन त्याला लिहवलं नसतंच. तो बॅटरीसकट वजन लिहून मोकळा झाला.

इतरांची विमानं हलकी होती. त्यांचे नंबर पटापट आले आणि रविवारी मैदान पुन्हा गजबजलं. थांबली ती एकटी दुपंखी. मैदानाच्या तपासणीला साहेब येणार होते, त्यांची बदली झाली. नवे आले, त्यांना नकाशा वेगळ्या मापात हवा होता. चष्मेवाला खेटे घालत राहिला. खिडकीतल्या बाई त्याला बघितलं की आपणहून मान हलवून "नाही" म्हणायच्या, रांगेत उभं राहायचे त्याचे कष्ट वाचावेत म्हणून. आणि इकडे भाऊजी दर इंजेक्शननंतर दुकानात येऊन बसायचे. आधी ते वर्तमानपत्राचे मथळे वाचायचे. मग मथळे वाचायचं सोडून चित्रं बघायला लागले. मग वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवायला लागले. पेल्याकडे हात नेताना पेल्याच्या जरा बाजूला बघायचे, म्हणजे तो दिसायचा. ताईनं सांगितलं, "रोज सकाळी दुपंखीवरून हात फिरवतात. मला म्हणाले, हिचा रंग उतरलाय का गं? उतरलेला नाही रे. कालच पुसलीय मी." तिचा राग केव्हाच निवला होता. चष्मेवाल्याला वाटे, तो असता तर बरं झालं असतं.

अखेर तपासणी झाली, मैदान पास झालं, आणि भाऊजी चालकाची परीक्षाही पास झाले. चष्मेवाल्यानं प्रश्न वाचून दाखवले, उत्तरं भाऊजींनी फटाफट दिली. उरला फक्त दृष्टीचा दाखला. विमान हवेत असेपर्यंत चालकाला ते सतत स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, असं लिहून द्यायचं होतं. दाखला कुणी द्यायचा? डॉक्टरनं, किंवा कुठल्याही परवानाधारक चष्मेवाल्यानं.

ते कलम भाऊजींना कळलं तेव्हा ते हसले. "म्हणजे घरातच काम झालं की," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. ताईनं कुठून तरी इस्त्री मिळवली होती. पडद्याआड जाऊन ते उंच खुर्चीत बसले, पाय आडव्या दांडीवर ठेवले, डावा डोळा तळव्यानं झाकला. चष्मेवाल्यानं छडी उचलून तक्त्याच्या वरच्या ओळीवर टेकवली.

"ग," भाऊजी म्हणाले. "मग ट, र. खालच्या ओळीत स, म, प, ळ." थांबत नव्हते, अडखळत नव्हते. "त्याच्या खाली न, ह, क. आणखी बारीक सांगू?"

तो तक्ता वर्षानुवर्षं त्या भिंतीवर होता, आणि भाऊजींनी दुकानात बसून शेकडो गिऱ्हाइकांना तो वाचताना ऐकलं होतं. सकाळी मात्र एक आजोबा आले होते, अक्षरं न येणारे. त्यांच्यासाठी चष्मेवाल्यानं अक्षरांचा तक्ता काढून आकड्यांचा लावला होता आणि बदलायचा विसरला होता. छडी पाचावर होती. खाली तीन, आठ, दोन.

चष्मेवाला छडी धरून उभा राहिला. मग ती पुढच्या ओळीवर नेली, कारण काय करावं ते त्याला सुचेना. भाऊजींनी ती ओळही बरोबर म्हणून दाखवली, म्हणजे भिंतीवर नसलेली.

"बरोबर," चष्मेवाला म्हणाला.

तो पडद्याबाहेर टेबलाशी आला. दाखल्याचा कागद समोर ओढला, भाऊजींचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. सहीच्या जागेवर पेनाचं टोक टेकलं आणि तिथंच राहिलं. वीटभट्टीच्या पलीकडून शाळेची वाट जाते. दुपंखीचं नाक बेकरीतल्या पिठाच्या पिशवीएवढं जड आहे. एकदा दिसेनाशी झाली की ती कुठं जाईल ते भाऊजींना कळणार नव्हतं. हे सगळं त्याला ठाऊक होतं, आणि हेही ठाऊक होतं की त्यानं ते पत्र टाकलं नसतं तर त्या रविवारी, वारा नसताना, भाऊजींनी तिला डोळे भरून बघत उडवलं असतं.

पडद्यापलीकडे पेन चालल्याचा आवाज येत नव्हता. भाऊजी खुर्चीतच बसून होते. जरा वेळानं ते म्हणाले, "चिटणीस, भिंतीवर कुठला तक्ता आहे रे?"

चष्मेवाल्याला खोटं बोलता आलं असतं तर त्याचं आयुष्य पुष्कळ सोपं गेलं असतं. "आकड्यांचा," तो म्हणाला.

भाऊजींनी डोळ्यावरचा तळवा काढला. उठले, पडद्याची कड चाचपून बाहेर आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग सही करू नकोस," ते म्हणाले. "चालक म्हणून तुझं नाव घाल. मालकाला डोळे लागत नाहीत ना?"

"नाही. पण भाऊजी, रिवाज..."

"रिवाज आपलाच आहे, खात्याचा नाही. मोडू."

नंबर आला. ताईनं तो वरच्या पंखाखाली चिकटवला, काळी मोठी अक्षरं, सरळ रेषेत. रविवारी सगळे जमले. हवालदारही आला होता, पहिल्या उड्डाणाला ठाण्याचं कुणीतरी हजर पाहिजे असं पत्रात होतं. भाऊजींनी दोन बोटांवर तोल बघितला, बॅटरीचा पट्टा ओढून बघितला, आणि रिमोट स्वतः चष्मेवाल्याच्या गळ्यात अडकवला. मग त्याच्या मागे, डाव्या खांद्याशी उभे राहिले. हात पाठीमागे, एका हातात दुसरा घट्ट धरलेला.

दुपंखी गवतावरून धावली आणि थोड्याच अंतरात उचलली गेली. बेकरीवाल्यानं टोपी काढली. ती वर गेली, वळली, उन्हात तिचे दोन्ही पंख वेगवेगळे चमकले. चष्मेवाल्यानं आयुष्यात इतकं सुंदर काही उडवलं नव्हतं. ते त्याचं नव्हतं, याची त्याला इतकी लाज वाटत होती की डोळ्यांत पाणी येऊन दिसेनासं होईल अशी भीती वाटली.

"डावीकडे वळली," तो म्हणाला. "आता भट्टीच्या धुराड्यावरून येतेय."

"आवाजावरून कळतंय," भाऊजी म्हणाले. "तू उडव."

तेव्हा हवालदार, जो इतका वेळ आ वासून वर बघत होता, मोठ्यानं म्हणाला, "मी जरा गाडीकडे बघून येतो. इथं गाड्यांचा भरवसा नाही." तो गेला आणि मोटरसायकलपाशी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. गाडीला काही झालेलं नव्हतं. तो तिथं नुसता उभा राहिला, बराच वेळ, मान न वळवता. बेकरीवाला खाकरला. ताईनं भावाकडे बघितलं.

चष्मेवाल्याला सगळं समजलं. दुपंखी उंच होती, मैदान मोकळं होतं, रविवार असल्यामुळे शाळेच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. गळ्यातला पट्टा काढायचा आणि रिमोट मागे द्यायचा, बस. एक फेरी, अर्धी फेरी. पण कागदावर चालक म्हणून त्याचं नाव होतं. विचारायला तोंड उघडावं, तर आता त्याला माहीत होतं की विचारलं की उत्तर मिळतं. आणि न विचारता काही करायची त्याला सवय नव्हती. त्याचे अंगठे दांड्यांवर तसेच राहिले. दुपंखीनं मैदानाला आणखी एक फेरी घातली, आणखी एक. मग रिमोटनं बारीक आवाज केला, बॅटरी संपत आल्याचा, आणि त्यानं तिला उतरवली. ती इतकी अलगद टेकली की गवत वाकलं तेवढंच. हवालदार वळून परत आला आणि कुणाच्याच तोंडाकडे न बघता म्हणाला, "झालं का? छान."

घरी जाताना भाऊजी बेकरीवाल्याच्या गाडीत मागच्या सीटवर दुपंखीचा सुटा केलेला पंख मांडीवर घेऊन बसले. चष्मेवाला शेजारी होता, ताई पुढे बेकरीवाल्याबरोबर.

"हाताला कशी लागत होती?" भाऊजींनी विचारलं.

"हलकी," चष्मेवाला म्हणाला. एवढ्यानं त्याला बरं वाटेना. भाऊजींना त्यांच्या कामाची पुरती पावती द्यावी, निदान ती तरी, असं त्याला फार मनापासून वाटलं. "हलकी म्हणजे, मला काही करावंच लागत नव्हतं. इतकी नीट बांधलीय तुम्ही. मी दांड्या सोडून दिल्या असत्या ना, तरी ती सरळ उडत राहिली असती. कुणाच्याही हातात..."

तो थांबला, पण वाक्य व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे ताईनं मान खिडकीकडे वळवली.

"असं होय," भाऊजी म्हणाले, आणि पंखाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.